चौदा, सतरा, एकोणीस

आश्रमशाळांच्या मैदानी स्पर्धांची कार्यक्रमपत्रिका हातात घेतली की तीन आकडे पुन्हा पुन्हा समोर येतात. चौदा वर्षांखालील, सतरा वर्षांखालील, एकोणीस वर्षांखालील. शंभर मीटर तीनदा, लांब उडी तीनदा, गोळाफेक तीनदा, रिले तीनदा. मुलं आणि मुली वेगळ्या धरल्या तर प्रत्येक प्रकार सहा वेळा. बहुतेकांना एवढी पुनरावृत्ती झेपत नाही आणि दुपारच्या जेवणानंतर मैदानाभोवतीची गर्दी विरळ होत जाते. मला मात्र या स्पर्धांचा खरा रस त्या पुनरावृत्तीतच सापडतो. एकच शर्यत तीन वयांत, एकाच मातीवर, एकाच दिवशी पाहायला मिळणं ही फार मोठी संधी आहे. एक वयोगट पाहिला तर खेळाडू कळतो. तिन्ही वयोगट सलग पाहिले तर शाळा कळते.

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातले डोंगराळ तालुके. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला, तेव्हा किनारपट्टीच्या गावांबरोबर हा घाटमाथ्याकडचा मुलूखही नव्या जिल्ह्यात आला. जव्हार गाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे. वांगणीच्या बाजूला काय किंवा खोडाळ्याच्या बाजूला काय, पाडे उतारावर विखुरलेले असतात आणि एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायचं तर ओहोळ उतरून पलीकडची चढण चढावी लागते. वारली, कोकणा, ठाकर, कातकरी, महादेव कोळी अशा घरांतली मुलं इथल्या आश्रमशाळांत राहून शिकतात. चालणं आणि चढणं त्यांच्या अंगात शाळेच्या आधीपासून मुरलेलं असतं. पण सपाट मैदानावर, फक्कीने आखलेल्या रेषांच्या आत, दुसऱ्याच्या शेजारून धावणं ही वेगळी विद्या आहे. ती शिकावीच लागते.

हंगामाची सुरुवात शिट्टीच्या फार आधी होते. पावसाळ्यात मैदानाचा चिखल झालेला असतो, गवत गुडघ्यापर्यंत येतं, आणि सराव होतो तो डांबरी रस्त्याच्या कडेने किंवा शाळेच्या पडवीत. पाऊस ओसरला की मुलंच गवत काढतात, दगड वेचतात, मधोमध खुंटी ठोकून दोरीने वळणाचं वर्तुळ काढतात. चारशे मीटरच्या ट्रॅकएवढी सपाट जागा डोंगरात सहसा मिळत नाही, म्हणून दोनशे मीटरचा ट्रॅक आखायचा. त्यावर ६०० मीटर म्हणजे तीन फेऱ्या, १५०० म्हणजे साडेसात, ३००० म्हणजे पंधरा. त्याच सुमारास खाचरांतला भात कापून होतो, नागली-वरईची कामं उरकतात, दिवाळी होते आणि कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, सखल भागातल्या मजुरीवर निघून जातात. मुलं शाळेत राहतात. त्यामुळे या स्पर्धांना आईबाप क्वचितच हजर असतात. मैदानाभोवती ओरडणारं माणूस म्हणजे शाळेतलंच दुसरं मूल, एखादे अधीक्षक सर, एखादी कामाठी मावशी. ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे, कारण संघाचं रूप तिच्यामुळेच घडतं. चौदाखालचा मुलगा एकोणीसखालच्याची शर्यत बघत मोठा होतो. त्याच्यासमोर दुसरा नमुना नसतो.

स्पर्धांची चढण सगळ्यांना ठाऊक आहे. बीटस्तरावर आसपासच्या शाळा भेटतात. तिथून निवडलेले प्रकल्पस्तरावर, म्हणजे जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या स्पर्धेत जातात. पुढे ठाणे विभागाची स्पर्धा, जिथे जव्हारला डहाणू, शहापूर, पेण, घोडेगाव असे प्रकल्प भेटतात. आणि शेवटी राज्यस्तर, जिथे ठाणे, नाशिक, अमरावती, नागपूर असे चार विभाग एकमेकांसमोर येतात. प्रत्येक पायरीवर संघ लहान होत जातो. बसभर निघालेली मुलं पुढच्या पायरीला जीपभर उरतात. निकालाच्या बातम्या या शेवटच्या पायरीच्या असतात; रसिकाने मात्र पहिल्या दोन पायऱ्या चुकवू नयेत. तिन्ही वयोगट भरगच्च दिसतात ते तिथेच.

चौदा वर्षांखालच्या गटाला ६०० मीटरच्या पुढे धावू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. या वयात दम पुष्कळ असतो, दमाचा हिशेब नसतो. पंचांचा इशारा झाला की सगळेच पहिले असतात. पहिल्या वळणावर कोपराला कोपर लागतं, एखाद्याची टाच सोलते, आणि पहिली फेरी जवळजवळ शंभर मीटरच्या शर्यतीच्या वेगाने पळून होते. दुसऱ्या फेरीच्या मध्याला नीट बघावं. पाय अजून जोरात दिसतात, पण खांदे कानांकडे चढू लागतात, मुठी छातीशी येतात, मान मागे जाते. खांदे चढले की शर्यत त्या मुलाच्या हातून निसटू लागली असं समजावं. मुलींच्या शर्यतीत तिसऱ्या फेरीला पाचव्या-सहाव्या क्रमांकावरची एखादी मुलगी एकेकीला मागे टाकत पुढे येते. बघणाऱ्यांना वाटतं, तिने वेग वाढवला. तिने फारसं काही वाढवलेलं नसतं. बाकीच्या उतरत असतात आणि ती तेवढी उतरत नसते. ६०० आणि ८०० मीटरच्या शर्यती बहुतेक वेळा अशाच जिंकल्या जातात, अगदी मोठ्या स्पर्धांतसुद्धा. तिला हे कुणी शिकवलेलं असो किंवा डोंगराच्या चढणीने शिकवलेलं असो, त्या मुलीकडे क्रीडाशिक्षकाची नजर गेली पाहिजे. पहिल्या फेरीत सर्वांत पुढे असलेल्या मुलाचं कौतुक सगळं मैदान करतं. हिचं कौतुक जाणत्याने करायचं.

या गटाचा निकाल वाचताना आणखी एक गोष्ट पाहायची. वयोगट ठरतो जन्मतारखेवर, आणि जन्मतारीख येते शाळेच्या जनरल रजिस्टरवरून. आपल्याकडच्या जुन्या शाळा-नोंदींत १ जून ही तारीख किती वेळा भेटते हे सगळ्यांना माहीत आहे. शाळेत नाव घालताना जी सोयीची तारीख पडली तीच कायम झाली. तारीख अगदी बरोबर असली तरी एकाच गटात जवळजवळ वर्षाने मोठं मूल आणि वर्षाने लहान मूल शेजारी उभं राहतं. वयाच्या तेराव्या वर्षी बारा महिन्यांचा फरक म्हणजे कितीतरी बोटं उंची आणि कितीतरी किलो वजन. कॅनडातल्या आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्ममहिन्यांचा अभ्यास १९८० च्या दशकात झाला, तेव्हा वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेले खेळाडू निवडीत ठळकपणे जास्त दिसले. लहान वयातलं यश पुष्कळदा कॅलेंडरचं यश असतं. म्हणून चौदाखालच्या गटात चौथा आलेला, गटातला सर्वांत लहान मुलगा मला पहिल्या आलेल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. त्याचा खरा निकाल चार वर्षांनी लागणार असतो.

सतराखालचा गट हा हंगामाचा सर्वांत अवघड भाग आहे, खेळायलाही आणि वाचायलाही. शरीर बदलत असतं, आणि कालपर्यंत जमत होतं ते आज जमत नाही. लांब उडीच्या खड्ड्याशी उभं राहिलं की हे डोळ्यांना दिसतं. धावतमार्गाच्या कडेला मुलं आपापली खूण ठेवतात, कुणाची चप्पल, कुणाचा दगड, कुणी सागाचं पान मातीत खोचतं. मोठ्या स्पर्धांतही खेळाडूला अशा दोन खुणा ठेवायची मुभा असते. खुणेपासून पावलं मोजून सुटायचं आणि शेवटचं पाऊल वीस सेंटीमीटर रुंदीच्या फळीवर पडलं पाहिजे. गेल्या वर्षी पंधरा पावलांत बरोबर फळीवर येणारी मुलगी या वर्षी फाऊल करते. पुन्हा जाते, पुन्हा फाऊल. तिला कळत नाही, चुकतंय काय. उत्तर तिच्या पायांत आहे. वर्षभरात उंची वाढली, प्रत्येक पाऊल पाच सेंटीमीटरने लांब झालं असं धरलं तरी पंधरा पावलांत पाऊण मीटर होतो. खूण जुनी आणि पाय नवे.

इथे चांगला शिक्षक ओळखू येतो. वाईट सल्ला असा, की शेवटची पावलं आखडती घे. मुलगी तसं करते, फळी सापडते, पण फळीवर येताना तिचा वेग मेलेला असतो आणि उडी मागच्या वर्षीपेक्षा आखूड पडते. शहाणा शिक्षक तिला फार काही बोलत नाही. चप्पल उचलतो, तीन पावलं मागे नेऊन ठेवतो आणि म्हणतो, “आता ये, बिनघोर ये.” पुढच्या प्रयत्नापर्यंत ती खूण आणखी थोडी सरकते, आणि मग ती मुलगी फळीवर येते ती पूर्ण वेगात, मान वर, नजर खड्ड्याच्या पलीकडच्या झाडाकडे. त्या उडीचं माप किती आलं हे निकालपत्रकात लिहिलेलं असतं. माझ्या लेखी त्या दिवसाचं सौंदर्य चप्पल सरकवणाऱ्या हातात आहे. शिक्षकाने मुलीला जुन्या मापात कोंबलं नाही, माप तिच्यापाठोपाठ नेलं.

फेकीच्या प्रकारांत हीच गोष्ट नियमच सांगतात. आंतरराष्ट्रीय पातळीवर अठराखालच्या मुलांचा गोळा ५ किलोंचा, विसाखालच्यांचा ६ आणि प्रौढ पुरुषांचा ७.२६ किलोंचा, मुलींचा ३ किलोंचा आणि पुढे ४. वय वाढतं तसं ओझं वाढतं, आणि म्हणून वरच्या गटात गेलेल्या मुलाची फेक पहिल्या वर्षी कमी भरते. निकाल नुसता वाचणाऱ्याला तो मागे पडलेला दिसतो. गोळा हातात घेऊन पाहिलेल्याला तो वाढलेला दिसतो.

एकोणीसखालच्या गटाच्या वेळी मैदान जरा मोकळं होतं, कारण धावणारेच कमी असतात. बऱ्याच आश्रमशाळा दहावीपर्यंत असतात, अकरावी-बारावीची सोय थोड्याच ठिकाणी. दहावीनंतर कुणी गाव सोडतो, कुणी आईबापांबरोबर कामाला जातो, काही मुलींची लग्नं ठरतात. चौदाखालच्या ६०० मीटरला सुरुवातीच्या रेषेवर मुलं मावत नाहीत, आणि एकोणीसखालच्या ३००० मीटरला तीच रेष रिकामी रिकामी वाटते. हे विरळपण मला दरवेळी बोचतं. पण जे टिकून राहिलेले असतात त्यांचं धावणं पाहावं. ही मुलं पहिल्या फेरीला पुढे जायची घाई करत नाहीत. पंधरा फेऱ्या आहेत हे त्यांना माहीत असतं. दोघं-तिघं एका ओळीत धावतात, पुढचा वारा अंगावर घेतो, मागचे त्याच्या टाचांकडे बघत पावलाला पाऊल जुळवतात. हंडा डोक्यावर घेऊन विहिरीवरून चढणाऱ्या बाईच्या चालीत जसा हिसका नसतो, तसं हे धावणं बिनहिसक्याचं असतं. दहाव्या-अकराव्या फेरीला एकाचा श्वास ऐकू येऊ लागतो. दुसरा तो ऐकतो आणि नेमक्या त्या क्षणी, वळण संपून सरळ सुरू होताना, पावलाची लांबी तीच ठेवून पावलांची गती वाढवतो. बघणाऱ्याला ही शर्यत शेवटच्या फेरीत जिंकली असं वाटतं. खरं तर चार फेऱ्या आधीच एकाने दुसऱ्याला ओळखलेलं असतं.

मैदानावरची बरीच मुलं अनवाणी धावतात. याचं कौतुक करताना जरा जपून बोलावं, कारण त्यात हौस थोडी आणि गरज जास्त आहे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिला याने अनवाणी मॅरेथॉन जिंकली, आणि चार वर्षांनी टोकियोत तीच शर्यत बूट घालून जिंकली. अनवाणी पाय टाचेऐवजी चवड्यावर पडतो, पाऊल आखूड आणि हलकं राहतं, हा त्यातला गुण. पण खड्याने तळवा फाटला तर हंगाम तिथेच संपतो. या मुलांच्या पायांना बूट मिळावेत आणि तरी ते हलकं पाऊल शिल्लक राहावं, एवढंच मागणं रास्त आहे.

आता रिलेकडे येतो, कारण तिन्ही वयोगट एका नजरेत पाहायचे असतील तर ४ गुणिले १०० मीटरसारखा प्रकार नाही. बॅटन म्हणजे २८ ते ३० सेंटीमीटर लांबीची पोकळ नळी. सरावाला पाइपचा तुकडाही चालतो. देवाणघेवाण ठरलेल्या पट्ट्यातच झाली पाहिजे, आणि हल्लीच्या नियमाने तो पट्टा ३० मीटरचा आहे. नियम एवढेच. बाकी सगळा खेळ दोन मुलांमधल्या विश्वासाचा.

चौदाखालच्या गटात घेणारा मुलगा पूर्ण मागे वळून उभा असतो. डोळे बॅटनवर, दोन्ही हात पुढे. बॅटन पक्का हातात आला की मगच तो वळतो आणि पळायला लागतो. चौघांपैकी प्रत्येकजण शून्यापासून सुरुवात करतो. बॅटन मात्र कधी पडत नाही.

सतराखालच्या गटात घेणारा पळायला सुरुवात करतो, पण मान मागेच असते. पळणं पुढे आणि पाहणं मागे, त्यामुळे पाऊल वाकडं पडतं. कधी तो फार लवकर सुटतो आणि देणारा ओरडतो, “थांब, थांब!” कधी उशिरा सुटतो आणि मागचा त्याच्या टाचेवर आदळतो. सर्वांत जास्त बॅटन याच गटात पडतात. पडलेला बॅटन उचलून रडत धावणारं मूल पाहिलं की वाईट वाटतं, पण मला या गटाचं रिले सर्वांत मोलाचं वाटतं. ज्या संघाचे बॅटन पडताहेत तो संघ न पाहता घ्यायला शिकतो आहे, हे त्यातून कळतं. चौदाखालच्यांसारखं वळून, थांबून घेतलं असतं तर पडला नसता. धोका पत्करल्याशिवाय ही पुढची पायरी येत नाही.

एकोणीसखालच्या गटात जमलेली जोडी असेल तर देवाणघेवाण दिसतसुद्धा नाही. घेणारी मुलगी मागे मातीत केलेल्या खुणेकडे बघत असते. देणारीचा पाय त्या खुणेवर पडला की ही सुटते, मान सरळ पुढे, आणि मग मागे वळून बघत नाही. चार-पाच पावलं. मागून हाक येते, “घे!” हात मागे जातो, तळवा उघडा, स्थिर. बॅटन त्यात पडतो आणि दोघींपैकी कुणाचंही पाऊल चुकलेलं नसतं. पहिली वळणावरून धावते म्हणून बॅटन उजव्या हातात, दुसरी डाव्या हातात घेते, तिसरी पुन्हा उजव्या. म्हणजे वळणावर धावणारीला आतल्या कडेने धावता येतं आणि बॅटन या हातातून त्या हातात बदलावा लागत नाही. हे सगळं सरावाने येतं. पण उघडा तळवा स्थिर ठेवणं सरावाच्याही पलीकडचं आहे. मागचीवर भरवसा नसेल तर तो हात थरथरतोच.

इथल्या मुलींना हा भरवसा लवकर येतो, याचं श्रेय मी खो-खोला देतो. खो-खोत बसलेल्या खेळाडूच्या पाठीला हात लागतो, “खो” ऐकू येतं आणि ती उठून सुटते. खो देणारी कोण आहे हे बघायला वळली तर पाठलागातला गडी हातचा गेला. स्पर्शावर आणि हाकेवर उठायचं, डोळ्यांवर नाही, ही शिकवण त्यांना रिलेच्या आधीच मिळालेली असते. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर शाळेत खो-खोच खेळायची. पुढे ती धावण्याकडे वळली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचून दहावी आली. आपल्या मातीतला हा खेळ धावपटू घडवतो हे वेगळं सिद्ध करायची गरज उरली नाही.

आणि बॅटनचा भरवसा वेगावर मात करतो, हे जगानेही पाहिलं आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांच्या हातून पहिल्याच फेरीत बॅटन पडला आणि जगातल्या सर्वांत वेगवान पायांपैकी काही बाहेर बसले. २०१६ ला रिओत जपानच्या चौघांपैकी एकानेही तोवर अधिकृत नोंदीत शंभर मीटर दहा सेकंदांच्या आत धावलेलं नव्हतं. तरी त्यांनी ३७.६० सेकंदांत रौप्यपदक मिळवलं, केवळ देवाणघेवाणीच्या सफाईवर. जव्हारच्या मैदानावर चार साधारण वेगाच्या मुली चार वेगवान मुलींना हरवतात, तेव्हा हीच विद्या कामाला आलेली असते.

या डोंगरातल्या मैदानांवरून वाट कुठवर जाते, हे पाहायचं तर मोखाड्याची पूर्वेकडची हद्द ओलांडून नाशिक जिल्ह्यात जावं लागतं. हरसूलच्या बाजूला सावरपाडा नावाचा पाडा आहे. कविता राऊत तिथली. डोंगरातल्या वाटांवर अनवाणी धावण्यापासून तिची सुरुवात झाली, पुढे नाशिकमध्ये विजेंदर सिंग यांच्या हाताखाली ती घडली. तिचा २०१० चा हंगाम मी पुन्हा पुन्हा आठवतो. ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला तिने ३३ मिनिटं ५.२८ सेकंदांत कांस्यपदक मिळवलं. राष्ट्रकुलात ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. नोव्हेंबरमध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तेच अंतर, पंचवीस फेऱ्या, आणि वेळ ३१ मिनिटं ५१.४४ सेकंद. सुवर्णपदक मिळवणारी केरळची प्रीजा श्रीधरन तिच्या पुढे होती ती एका सेकंदाहूनही कमी अंतराने. एकाच हंगामात, एकाच अंतरावर, सव्वा मिनिटाच्या आसपास सुधारणा! पदकांच्या यादीत कांस्य आणि रौप्य एवढंच दिसतं. त्या दोन वेळा शेजारी ठेवल्या की त्या मुलीने त्या काही आठवड्यांत काय केलं ते दिसतं. आपल्या आश्रमशाळांच्या निकालांकडेही याच नजरेने बघायचं आहे, एका आकड्याशेजारी दुसरा ठेवून.

सर्वसाधारण विजेतेपदाचं गणितही तसंच जोडून पाहण्याचं आहे. प्रत्येक प्रकारात पहिल्या काही क्रमांकांना उतरते गुण मिळतात आणि शाळेच्या खात्यात तिन्ही वयोगटांची बेरीज होते. चौदाखालच्या मुलाने ६०० मीटरला मिळवलेला तिसरा क्रमांक आणि एकोणीसखालच्या मुलीने ३००० मीटरला मिळवलेला पहिला, दोन्ही एकाच बेरजेत पडतात. बक्षीस समारंभाला ढाल घ्यायला कुणी एक पुढे जातो, बहुधा सर्वांत उंच. पण ती ढाल कमावताना त्या लहानग्याचे गुण नसते तर कदाचित दुसरीच शाळा पुढे गेली असती. शाळेच्या संघाची ही रचना मला फार सुंदर वाटते. इथे मोठ्याचं मोठेपण लहानाच्या गुणांवाचून पुरं होत नाही, आणि लहानाला मोठं व्हायचं कसं हे त्याच मैदानावर, त्याच दुपारी पाहायला मिळतं.

खेळाचं महत्त्व गुणांच्या भाषेतही आहे. दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत मिळते, शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, आणि घरात पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलामुलीसाठी या गोष्टी लहान नाहीत. तरीही त्या सवलतींचा दरवाजा एकोणीसखालच्या गटापर्यंत पोहोचलेल्यालाच खऱ्या अर्थाने उघडतो. म्हणून हंगामाचं मोल ठरवताना मी ढालींकडे शेवटी बघतो. आधी बघतो ते एवढंच, की चार-पाच वर्षांपूर्वी चौदाखालच्या रेषेवर उभ्या असलेल्या मुलींपैकी किती जणी आज एकोणीसखालच्या रेषेवर आहेत. हा आकडा काढणं अवघड नाही. त्याच जनरल रजिस्टरात आणि जुन्या निकालपत्रकांत तो पडून आहे.

पुढच्या हंगामाच्या कार्यक्रमपत्रिकेत म्हणूनच एक गोष्ट वाढवावी असं मला मनापासून वाटतं. एकोणीसखालच्या प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे तो किंवा ती शाळेच्या संघात पहिल्यांदा कोणत्या वर्षी, कोणत्या गटात उतरली ते छापावं, आणि शर्यत सुरू होण्याआधी ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवावं. दरवर्षी प्रत्येक शाळेने ही नावं वाढवायचा प्रयत्न करावा. ज्या शाळेच्या यादीत अशी नावं सर्वांत जास्त, तिला ढाल मिळो न मिळो, त्या हंगामातला सर्वांत चांगला संघ मी तिलाच मानेन.